दुसरा टेक

डोळे तपासणाऱ्या बाईने माझ्या नाकावर चाचणीची जड चौकट चढवली, डाव्या डोळ्यावर काळी चकती बसवली आणि उजव्यापुढे एक भिंग सरकवलं, काढलं, दुसरं सरकवलं. "सांगा, कुठलं स्पष्ट? पहिलं की दुसरं?" समोर भिंतीवर उजेडाची पेटी होती आणि तिच्यात वरून खाली लहान लहान होत गेलेली अक्षरं. प्रश्न सोपा होता. दिवसभर माणसं त्या खुर्चीत बसून त्याचं उत्तर देत असणार. मला तोंड उघडता येईना. "पहिलं," तिने पुन्हा भिंग बदललं, "की दुसरं?" मागे भिंतीशी बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "वन्सं, परीक्षा नाहीये ही. काहीतरी सांगून टाका, त्यांना जेवायला जायचं असेल." मी म्हटलं, दोन्ही सारखीच. "सारखी कशी असतील?" त्या बाईला माझी कीव आली असावी. "मोतीबिंदू आहे, थोडं जड जाणार. पण एवढं घाबरू नका. चुकीचं सांगितलंत तर चष्मा चुकीचा येईल, बाकी काही होत नाही." बाकी काही होत नाही, हे ती चांगल्या मनाने म्हणाली. मी चौकट काढून तिच्या हातात दिली आणि डोकं दुखतंय असं सांगून उठले. खरं म्हणजे पस्तीस वर्षं मी याच कामावर पोट भरलं. चित्रपटाचे दोन तुकडे शेजारी शेजारी बघायचे, हा की तो ते सांगायचं, आणि उरलेला डब्यात टाकायचा. माझी नजर चांगली आहे असं या धंद्यात म्हणतात. माझ्या पाठीमागेही म्हणतात, हे विशेष.

चार दिवसांपूर्वी ती मुलगी घरी आली नसती तर मीही 'दुसरं' म्हणून मोकळी झाले असते. जुने चित्रपट धुऊनपुसून पुन्हा विकायला काढणाऱ्या कंपनीत ती कामाला आहे. केस बारीक कापलेले, बोटांना अजून रसायनाचा वास. तो वास आला आणि ती मला लगेच आवडली. माझा अगदी पहिला चित्रपट त्यांनी साफ करायला घेतला होता. त्या काळी असे चित्रपट महिन्याला दोन निघत. एक बंगला, एक सैतान, ओल्या कपड्यातली एक मुलगी, आणि पोस्टरवर चित्रपटाच्या नावापेक्षा मोठं रक्त. गावाबाहेरच्या, खुर्च्यांतून स्प्रिंगा टोचणाऱ्या थिएटरांत ते लागत आणि आठ दिवसांत उतरत. आमचा सैतान म्हणजे रबराच्या कातड्यात कोंबलेला एक पहिलवान होता. पाठीला चेन होती आणि दर तासाला ती उघडून त्याला वारा घालावा लागे. रक्त म्हणजे सरबतात खायचा रंग. मुंग्या लागायच्या. पण वितरकाने साहेबांना, म्हणजे दिग्दर्शकाला, स्पष्ट सांगितलं होतं की लोक आता सरबताला हसतात, एक तरी गोष्ट खरी दाखवा, म्हणजे मला पोस्टरवर तसं छापता येईल. माणूस मारता येत नव्हता. म्हणून मग गाढव. सैतानाने झपाटलेलं गाढव खाणीच्या काठावर येतं, कॅमेऱ्याकडे बघतं आणि खाली कोसळतं, असा तो शॉट होता. त्या अख्ख्या चित्रपटात अभिनय न करणारं तेवढंच एक होतं.

मुलीने विचारलं, "मॅडम, ते खरंच मेलं होतं का?" मी म्हटलं, हो. तिच्या ऑफिसात त्यावरून दोन तट पडले होते. अर्धे म्हणत होते तो भाग कापून टाकू, अर्धे म्हणत होते ठेवू, आधी एक पाटी दाखवू, जे घडलं ते लपवायचं कशाला. तुम्हाला काय वाटतं, असं तिने विचारलं. "ठेवा नाहीतर कापा, गाढवाला काय फरक पडणार?" असं मी म्हणाले आणि तिने ते वहीत उतरून घेतलं. कागदावर ते फार शहाण्यासारखं दिसत होतं, आणि मला शरम वाटली. मग तिने पिशवीतून गंजलेला एक डबा काढून टेबलावर ठेवला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. "यात तोच शॉट आहे, पण गाढव दुसरं आहे," ती म्हणाली. "कपाळावरचा पांढरा ठिपका ओघळलाय. रंगवलेला वाटतो." मी चष्मा पुसू लागले. चष्मा पुसायला लागलं की माणसाला बोलावं लागत नाही. "टेपमास्तरांना शोधून काढलं मी. ते म्हणतात पहिला टेक सॉफ्ट आला होता, म्हणून दुसरा घेतला." अंधुक आलेल्या चित्राला आम्ही सॉफ्ट म्हणतो. "पण मॅडम, चित्रपटात आहे तो पहिलाच टेक. मी मोठा करून बघितला. सुईसारखा स्वच्छ आहे, पापण्या मोजता येतील. मग दुसरं गाढव कशाला मारलं?" मी म्हटलं, आठवत नाही. ती म्हणाली की चित्रपटाबरोबर एक पुस्तिका निघणार आहे, पुढच्या आठवड्यात छापायला जाईल, तोवर आठवलं तर कळवा. टेपमास्तरांना पहिला टेक चांगला आहे हे तिने अजून सांगितलेलं नव्हतं. आधी तुम्हाला विचारावं म्हटलं, असं ती म्हणाली. त्या वयात माणसं किती नीट वागतात. पुढे कुठे जातं ते सगळं कोण जाणे.

जाण्याआधी तिने टेपमास्तरांची मुलाखत दाखवली. टेपमास्तर म्हणजे आमच्या युनिटचा फोकसवाला. कॅमेऱ्यापासून नटाच्या डोळ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि तेवढ्यावर भिंग फिरवून ठेवायचं, हे त्याचं काम. शिंप्यासारखी टेप कायम गळ्यात असे, म्हणून ते नाव. तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल, काटकुळा, मिशी फुटून फसलेली. लॅपटॉपच्या पडद्यावर एक टक्कल पडलेला, जाड भुवयांचा म्हातारा होता. त्याने थोडा वेळ कॅमेऱ्याकडे बघितलं, बहुधा सवयीने अंतराचा अंदाज घेतला, आणि म्हणाला, "पहिलं मेलं ते साहेबांमुळे. त्यांना शॉट हवा होता. पण दुसरं माझ्यामुळे मेलं. माझा फोकस चुकला. मी नीट मोजलं होतं हो, दोनदा मोजलं होतं. कसा चुकला ते मला अजून कळलेलं नाही." मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि त्याने हाताने कॅमेरा बंद करायला सांगितलं. मुलगी हळूच म्हणाली, "ते रडले, तो भाग मी ठेवणार नाहीये."

कसा चुकला ते मला माहीत आहे. माझं वय चोवीस होतं. सहा आठवड्यांच्या त्या शूटिंगवर मी एकटी बाई, संकलकाची मदतनीस म्हणून पाठवलेली. खाणीजवळच्या विश्रामगृहात मला एक खोली दिली होती, तिच्यात एक टेबल आणि पुस्तकाएवढ्या पडद्याचं, हाताने फिरवायचं एक यंत्र. शहरातून धुऊन आलेली रिळं मी त्यावर बघायची आणि कागदावर लिहायचं: ठीक, ठीक, सॉफ्ट, ठीक. साहेबांची एक पद्धत होती, शूटिंग संपेपर्यंत ते स्वतःचं काम बघत नसत, नजर लागते म्हणत. त्यामुळे माझा कागद हाच काय तो निकाल. पण तो कागद कुणी वाचत नसे. सगळं ठीकच असायचं, आणि ठीक लिहिणाऱ्या माणसाची कुणाला गरज नसते. मला चहा सांगायला सांगत. एकदा सैतानाची चेन शिवायला दिली होती, आणि मी ती शिवली. लांबचं मला कॉलेजपासूनच कमी दिसत होतं आणि त्या वर्षी जवळचंही विरघळायला लागलं होतं, पण चष्मा मी लावला नव्हता. संकलक बाई, तीही चष्मेवाली, असं कुणी म्हणेल आणि मला परत पाठवतील अशी भीती होती. तसं कुणी म्हटलेलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. पहिल्या गाढवाचं रीळ आलं तेव्हा मी ते यंत्रावर चढवलं आणि हळूहळू फिरवलं. गाढव काठावर आलं, मान वळवली, कॅमेऱ्याकडे बघितलं. त्या वेळी त्याचा डोळा मला धुरकट दिसला. मी पुन्हा फिरवलं. पुन्हा धुरकट. कॅमेरामन दारातून डोकावला, वाकून बघून म्हणाला, "मला तर बरं वाटतंय." मी म्हटलं, "सॉफ्ट आहे." त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि खांदे उडवले, फोकस चुकला तर बोलणी त्याला खावी लागणार नव्हती. मग साहेब स्वतः माझ्या खोलीत आले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि विचारलं, "बाई, नक्की?" त्यांनी मला बाई म्हटलेलंही मी पहिल्यांदाच ऐकलं. मी तेव्हा तिसऱ्यांदा बघायला हवं होतं, बाहेर उन्हात नेऊन रीळ हातात धरून बघायला हवं होतं. मी म्हटलं, "नक्की."

टेपमास्तरला त्यांनी सगळ्या युनिटसमोर उभं केलं. मारलं नाही, पण मारलं असतं तर बरं झालं असतं अशी ती भाषा होती. तो "मी मोजलं होतं, साहेब" एवढंच म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी सामानाच्या गाडीतून त्याला परत पाठवलं, आणि तीच गाडी येताना वीटभट्टीवरून दुसरं गाढव घेऊन आली. ते रंगाने थोडं गडद होतं, आणि त्याच्या कपाळावर ठिपका नव्हता. पहिल्याला होता. शॉट जुळले पाहिजेत. ते बघणंही माझंच काम. मेकअपवाल्याने हात वर केले, म्हणाला, मी माणसांचा मेकअप करतो. मग पांढऱ्या रंगाची डबी घेऊन मीच गेले. गाढवाजवळ मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते. गाढवाबद्दल आपल्याला सगळं माहीत असतं, लहानपणापासून एकमेकांना तेच तर म्हणत आलेलो असतो. पण त्याचं कपाळ इतकं रुंद आणि इतकं कढत असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी दोन बोटांनी रंग लावला आणि त्याने डोकं माझ्या हातावर टेकवलं. प्रेमाने वगैरे नाही. भट्टीवर जन्म गेलेलं जनावर ते, कुणी ओझं न घालता हात लावला याचंच त्याला नवल वाटलं असेल. त्याचा भार मनगटाला लागत होता. मी म्हटलं, "हलू नको," आणि ते हललं नाही. पुढचं मी बघितलं नाही. म्हणजे, डोळे उघडे होते. मी काठापासून वीस पावलांवर होते आणि त्या काळात वीस पावलांवरचं मला सगळं पाण्यात बुडाल्यासारखंच दिसायचं. आवाज ऐकला. तो चित्रपटात नाही, त्या जागी आम्ही ढगांचा गडगडाट घातला.

शहरात परतल्यावर माझ्या वरच्या संकलकांनी, ते धंद्यातले जुने माणूस, दोन्ही टेक मोठ्या पडद्यावर लावले. पहिला संपला, दुसरा संपला. दिवा लावून ते म्हणाले, "पहिलाच घे. पाण्यासारखा स्वच्छ आहे. दुसऱ्याचा रंग ओघळलाय. दुसरा घेतलाच कशाला?" मोठ्या पडद्यावर तर मलाही दिसलं होतं. पहिल्या गाढवाच्या डोळ्यात आकाश होतं, कॅमेऱ्याचे तीन पाय होते, आणि टेप गुंडाळत उभा असलेला एक काटकुळा माणूस होता. मी म्हणाले, "सेफ्टीसाठी." ते "बरं" म्हणाले आणि चहा मागवला. दुसरा टेक मी बिननावाच्या डब्यात घातला. तिसऱ्या दिवशी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन चष्मा केला. मग एक काम, त्यावरून दुसरं काम, आणि माझी नजर चांगली आहे असं लोक म्हणू लागले. चित्रपट लागला तेव्हा मी तो थिएटरात बघायला गेले होते. गाढव पडलं तेव्हा शिट्ट्या झाल्या. माझ्या पुढच्या रांगेतल्या एकाने डोळ्यांवर हात घेतले होते आणि बोटांतून बघत होता, आणि त्याचा राग का यावा ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे मोठ्या चित्रपटांत कामं मिळाली, प्राण्यांना इजा झालेली नाही अशा पाट्या आल्या, मी स्वतः तशा पाट्या चिकटवल्या. दुसऱ्या गाढवाचं म्हणाल तर ते मला रोज आठवायचं असं नाही. खोटं कशाला बोला. वर्षातून दोनदा, तीनदा. टेपमास्तर तर त्याहून कमी.

दवाखान्यातून घरी आल्यावर वहिनींनी जेवण गरम केलं नाही, आधी समोर बसल्या. भाऊ गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत, अकरा वर्षं झाली. मी लपवायला घेतलेली गोष्ट त्यांना डब्यातल्या मुरलेल्या लोणच्यासारखी वासाने कळते. "त्या पोरीने असं काय आणलं होतं डब्यात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. पहिल्यांदाच मोठ्याने सांगत होते, आणि सांगताना लक्षात आलं की किती लहानशी गोष्ट आहे. सहा मिनिटांत संपली. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे हे सगळं चष्म्यापायी?" मी म्हटलं, हो. "आणि तो माणूस अजून समजतो की त्याचं चुकलं?" मी म्हटलं, हो. "मग त्याला सांगा." आता सांगून काय उपयोग, असं मी म्हणाले. साहेब वारले, धंदा सुटून त्याला जन्म लोटला, म्हाताऱ्या माणसाला कशाला ढवळायचं, शिवाय त्या पुस्तिकेत माझं नाव. बरंच बोलले मी. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "उपयोगाचं कोण विचारतंय? ते त्याचं आहे, तुमच्याकडे राहिलंय. नेऊन द्या." मग उठून भाजीखाली गॅस पेटवताना पाठमोऱ्या म्हणाल्या, "आणि त्याने दोन शब्द सुनावले तर ऐकून घ्या. काही वाईट होणार नाही." मला तेच हवं होतं, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. त्याने ओरडावं, शिव्या द्याव्यात, दार लावून घ्यावं. अडतीस वर्षांत मला त्या गाढवावरून कुणी एक शब्द बोललेलं नव्हतं.

टेपमास्तरांचं खिडक्यांच्या काचा बसवून देण्याचं दुकान आहे आणि ते वरच्या मजल्यावर राहतात. जिना चढताना दोन्ही बाजूंना उभ्या काचा रचलेल्या होत्या, आणि त्यांच्यातून माझ्यासारख्या बऱ्याच जणी वर चालल्या होत्या. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. "बाई, तुम्ही?" म्हणत खुर्ची पुसून दिली, आणि मी का आले ते सांगायच्या आधी तेच म्हणाले, "तुमची माफी मागायची राहिली होती माझी. त्या वेळी तुमचंही काम वाढवलं मी." मला खाली बघावं लागलं. त्यांच्या बायकोने चहा आणला आणि ती टेबलाच्या कडेला टेकली. "सारखं तेच हो यांचं. वर्षातून एक दिवस दुकान बंद ठेवतात, त्या गाढवाचा दिवस म्हणून. जेवत नाहीत. शेजारीपाजारी विचारतात, मी सांगते सासूबाई गेल्या त्या दिवशी. सासूबाई चांगल्या नव्वद वर्षं जगल्या आणि भलत्याच महिन्यात गेल्या." "पुरे आता," ते म्हणाले, पण रागावून नाही. "त्याला कपाळावर हात लावलेला आवडायचा का, बाई? तुम्ही रंग लावलात असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. मी तर त्याला बघितलंसुद्धा नाही. मी आपला कल्पनेने बघतो." मी सांगितलं की आवडायचा. मग कप खाली ठेवला आणि बाकीचं सांगितलं. मला दिसत नव्हतं, असं म्हटलं. चष्मा लावायची लाज वाटत होती. तुमचा टेक स्वच्छ होता, सुईसारखा, आणि चित्रपटात तोच आहे. तुमचा फोकस चुकलेला नव्हता. मला ते पंधरा दिवसांत कळलं होतं आणि मी बोलले नाही.

मी तयार होते. मग त्यांनी विचारलं, "स्वच्छ म्हणजे किती?" मी म्हटलं, पापण्या मोजता येतात. "अठरा फूट चार इंच," ते म्हणाले. "मी दोनदा मोजलं होतं." त्यांच्या तोंडावर काहीतरी सैल झालं, भुवया वर गेल्या, आणि ते हसू लागले, हसता हसता डोळ्यांतून पाणी, ते मनगटाने पुसत बायकोला म्हणाले, "ऐकलंस का? तोच ठेवलाय त्यांनी. माझाच." त्या माउलीनेही डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. "अहो, बरंच झालं. त्या धंद्यात काय ठेवलं होतं?" मी म्हटलं, अडतीस वर्षं तुम्हाला... त्यांनी हात झटकला. मला त्यांच्या चेहऱ्यावर कुठे राग दिसतोय का ते मी शोधत होते, मोतीबिंदूतून जेवढं दिसतं तेवढं बघत होते, आणि तिथे नुसता आनंद होता. "आणि ते दुसरं, मास्तर," मी म्हणाले, "ते फुकट मेलं. माझ्यामुळे."

ते पुढे झुकले. माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला, काचेने कापल्याचे बारीक बारीक व्रण असलेला, जाड, ऊबदार. किती तरी मायेने बोलले ते. "जाऊ द्या हो, बाई. किती लावून घ्याल मनाला? गाढवच तर होतं." मग वळून बायकोला म्हणाले, "यंदा दुकान उघडंच ठेवू, काय?" आणि ती हसून म्हणाली, सुटले बाई मी. मला इतका संताप आला की कप हातात असता तर फुटला असता. त्यांचा नव्हता तो, त्यांचा कशाला येईल? ज्या गाढवाला त्यांनी डोळ्यांनी बघितलंही नव्हतं त्याच्यासाठी वर्षाचा एक दिवस उपाशी राहणारा जगात एकच माणूस होता, आणि मी जिना चढून येऊन त्याला त्यातून मोकळं केलं होतं. आता माझ्याशिवाय त्या गाढवाचं कुणी उरलं नव्हतं, आणि मी कशी आहे ते मला ठाऊक आहे. वर्षातून दोनदा, तीनदा. टेपमास्तर उठून उभे राहिले होते, दोन्ही हात लांब करून कॅमेरा कुठे होता आणि ते कुठे होते ते बायकोला दाखवत होते. मध्येच थांबून म्हणाले, "बाईंना अजून चहा दे ना," आणि मी कप पुढे केला.